नाण्याचा आकार आणि ‘माझे’पणाचा शोध

दुसरे महायुद्ध संपले त्या सुमारास अमेरिकी मानसशास्त्रात मनाच्या अभ्यासाच्या दोन परंपरा शेजारी शेजारी नांदत होत्या, आणि त्यांचा परस्परांशी संबंध नावापुरताच होता. पहिली परंपरा संवेदनाची, म्हणजे डोळे, कान आणि त्वचा यांनी आणून दिलेल्या कच्च्या सामग्रीतून मन जगाचे चित्र कसे उभे करते या प्रश्नाची. १८६० मध्ये जर्मनीत गुस्ताव फेश्नर यांनी वजन, प्रकाश, आवाज यांची भौतिक तीव्रता आणि माणसाला जाणवणारी तीव्रता यांचे गणिती नाते मांडले, तेव्हापासून ही परंपरा काटेकोर मोजमापावर वाढली होती. पाहणारा श्रीमंत आहे की गरीब, भुकेला आहे की तृप्त, याच्याशी तिला कर्तव्य नव्हते. असे फरक म्हणजे मोजणीतला गाळून टाकण्याजोगा दोष, अशीच तिची धारणा होती. दुसरी परंपरा अध्ययनाची, म्हणजे अनुभवातून वर्तन कसे बदलते या प्रश्नाची. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ च्या आपल्या प्रबंधासाठी भुकेल्या मांजरांना कडी-दोरीच्या पेट्यांत कोंडून, बाहेर ठेवलेल्या खाद्यापर्यंत पोहोचायला त्यांना किती वेळ लागतो हे पुन्हा पुन्हा मोजले होते, आणि ज्या कृतीनंतर समाधान लाभते ती कृती त्या परिस्थितीशी घट्ट जोडली जाते, हा ‘परिणामाचा नियम’ त्यातून पुढे आला. या परंपरेत बक्षीस केंद्रस्थानी होते, पण बक्षिसाची आस लागलेल्या प्राण्याला भोवतालचे जग कसे दिसते, हे कोणी विचारत नव्हते.

‘स्व’ या दोन्हींत कुठेच नव्हता. विल्यम जेम्स यांनी १८९० च्या आपल्या द्विखंडी ग्रंथात त्याला एक प्रदीर्घ प्रकरण दिले होते, आणि माणसाचा ‘स्व’ त्याच्या कातडीपाशी संपत नाही, तो ज्याला ‘माझे’ म्हणतो ते घर, ती माणसे, तो लौकिक आणि ती मिळकत हे सारे त्यात येते, अशी मांडणी केली होती. परंतु विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वर्तनवादाचा, म्हणजे बाहेरून दिसणाऱ्या वर्तनाखेरीज काहीच शास्त्राचा विषय होऊ शकत नाही या मताचा, जोर इतका वाढला की हे प्रकरण प्रयोगशाळेच्या दृष्टीने जवळजवळ मिटले गेले.

१९४६ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात मानसशास्त्राची फाळणी झाली. संवेदन आणि मोजमाप यांचे अभ्यासक एका विभागात राहिले, तर व्यक्तिमत्त्व आणि समाज यांचा अभ्यास करणारे, समाजशास्त्रज्ञ आणि मानवशास्त्रज्ञांसह, ‘सामाजिक संबंध’ या नव्या विभागात गेले. या नव्या विभागातील तरुण प्राध्यापक जेरोम ब्रूनर मात्र मन दोन्हीकडे ठेवून होते. १९१५ मध्ये मोतीबिंदूसह जन्मलेल्या ब्रूनर यांना शस्त्रक्रियेनंतर, वयाच्या दुसऱ्या वर्षी, प्रथम दृष्टी मिळाली होती. युद्धकाळात त्यांनी प्रचार आणि लोकमत यांवर काम केले होते. एकच बातमी, एकच दृश्य वेगवेगळ्या माणसांच्या मनात वेगळे रूप का घेते, हा त्यांचा प्रश्न त्या कामाशी सुसंगत होता, आणि तो त्यांनी अगदी जुन्या धाटणीच्या मोजमापाच्या साधनांनी विचारायचे ठरवले. त्यांचे मोठेपण या निवडीत आहे, कारण प्रतिपक्षाला नाकारता येणार नाही अशा भाषेत त्यांनी आपला मुद्दा मांडला.

सेसिल गुडमन यांच्यासह केलेला आणि १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेला तो प्रयोग साधा होता. एका लाकडी पेटीच्या दर्शनी भागावर दुधी काचेचा पडदा होता, त्यावर प्रकाशाचे एक वर्तुळ पडे आणि खालची खुंटी फिरवली की ते लहानमोठे होई. दहा वर्षे वयाच्या तीस मुलांपैकी वीस जणांना एक, पाच, दहा, पंचवीस आणि पन्नास सेंटची नाणी तळहातावर ठेवून, त्या त्या नाण्याएवढे वर्तुळ जुळवायला सांगण्यात आले. उरलेल्या दहा जणांना त्याच आकाराच्या राखाडी पुठ्ठ्याच्या चकत्या देण्यात आल्या. चकत्यांचे आकार मुलांनी बऱ्यापैकी अचूक जुळवले. नाणी मात्र खऱ्या आकारापेक्षा मोठी ठरली. नाणी हाताळणाऱ्या वीस मुलांपैकी निम्मी बोस्टन परिसरातील सधन कुटुंबांतली होती आणि निम्मी त्याच शहराच्या गरीब वस्तीतली, आणि नाण्यांचे आकार फुगवण्यात गरीब मुले सधन मुलांच्या स्पष्टपणे पुढे होती. पंचवीस सेंटच्या नाण्यापर्यंत हा फुगवटा साधारणपणे किमतीबरोबर वाढत गेला आणि पन्नास सेंटच्या नाण्यापाशी उतरला. एवढे मोठे नाणे दहा वर्षांच्या मुलाच्या रोजच्या व्यवहारात क्वचितच येते, तेव्हा त्याची ओढही तितकी जिवंत नसावी, असे त्याचे एक स्पष्टीकरण देता येते.

ब्रूनर आणि गुडमन यांनी यावरून काढलेला निष्कर्ष धाडसी होता. वस्तूचे मूल्य आणि पाहणाऱ्याची गरज या गोष्टी संवेदन घडून गेल्यावर त्यावर चढणारा रंग नसून संवेदनाच्या घडणीतच त्यांचा हात असतो, असे त्यांनी मांडले. या भूमिकेभोवती जी चळवळ उभी राहिली तिला ‘न्यू लुक’ असे नाव पडले, आणि पुढील दहा वर्षांत या विषयावरील शोधनिबंधांचा अक्षरशः पूर आला. १९४९ मध्ये ब्रूनर आणि लिओ पोस्टमन यांनी लाल इस्पिक आणि काळी बदाम असे उलट्या रंगांचे पत्ते क्षणभर दाखवून, लोक त्यांना बिनदिक्कत नेहमीचे पत्ते म्हणून ओळखतात हे दाखवले. १९५४ मध्ये अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कॅन्ट्रिल यांनी प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन महाविद्यालयांमधील १९५१ च्या धसमुसळ्या फुटबॉल सामन्याचे चित्रण दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखवले. चित्रफीत एकच होती, तरी प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना डार्टमथच्या खेळाडूंनी केलेले नियमभंग डार्टमथच्या विद्यार्थ्यांना दिसले त्याच्या सुमारे दुप्पट दिसले. नाण्याच्या प्रयोगात जी जागा गरजेची होती ती येथे ‘आपला संघ’ या जाणिवेने घेतली होती, परंतु हा बदल किती मोठा आहे याची चर्चा त्या वेळी फारशी झाली नाही.

नाण्यांच्या निष्कर्षावर पहिला गंभीर घाव दोन वर्षांतच बसला. लॉनॉर कार्टर आणि केरमिट स्कूलर यांनी १९४९ मध्ये तोच प्रयोग अधिक काळजीपूर्वक करून पाहिला, तेव्हा नाणे समोर असताना गरीब आणि सधन मुलांच्या अंदाजांत भरवशाचा फरक आढळला नाही. फरक दिसला तो नाणे दूर करून, केवळ आठवणीवरून आकार जुळवायला सांगितल्यावर. या एका निरीक्षणाने सगळ्या चळवळीपुढे जो प्रश्न उभा केला तो आजतागायत पुरता सुटलेला नाही. गरज आणि मूल्य यांचा परिणाम पाहण्यावर होतो, की पाहिलेले आठवण्यावर आणि त्याविषयी निर्णय देण्यावर होतो? चळवळीच्या दुसऱ्या आघाडीवरही असेच घडले. निषिद्ध मानलेले शब्द क्षणभर दाखवले तर ते ओळखायला वेळ लागतो, कारण मन त्यांच्यापासून स्वतःचा बचाव करते, असा दावा पुढे आला होता. त्यावर डेव्हिस हाउज आणि रिचर्ड सॉलोमन यांनी असे शब्द छापील मजकुरात मुळातच कमी आढळतात आणि अपरिचय हेच विलंबाचे पुरेसे कारण आहे, असा आक्षेप घेतला. १९५० चे दशक संपेपर्यंत ‘न्यू लुक’चा उत्साह ओसरला होता. ती चळवळ फसली असे अनेकदा लिहिले जाते, परंतु तो निवाडा अन्यायाचा आहे, कारण तिच्या पराभूत प्रश्नातूनच पुढचे सर्वात फलदायी काम उगवले.

ते काम हेन्री ताजफेल यांचे. १९१९ मध्ये पोलंडमधील ज्यू कुटुंबात जन्मलेले ताजफेल युद्ध सुरू झाले तेव्हा फ्रान्समध्ये शिकत होते. फ्रेंच सैन्यात भरती होऊन ते जर्मनांच्या हाती सापडले आणि आपले पोलिश मूळ लपवून, फ्रेंच युद्धकैदी म्हणून त्यांनी ती वर्षे काढली. सुटका झाली तेव्हा मागे राहिलेले जवळजवळ सगळे नातलग मारले गेले होते. कोणत्या गटात आपली गणना होते यावर जगणे-मरणे अवलंबून असते, हे ज्याने असे भोगले त्या माणसाने इंग्लंडमध्ये स्थायिक झाल्यावर पहिला महत्त्वाचा लेख लिहिला तो मात्र नाण्यांच्या आकारावर. १९५७ च्या त्या लेखात त्यांनी दाखवले की केवळ ‘मौल्यवान वस्तू मोठी दिसते’ हे सूत्र अपुरे आहे. नाण्यांच्या मालिकेत आकार आणि किंमत बहुतांशी एकत्र वाढतात, आणि म्हणून मन त्या मालिकेतील घटकांमधले अंतर ताणून धरते; फुगवटा एकेका नाण्यात नसून नाण्यानाण्यांतील फरकात असतो. १९६३ मध्ये अॅलन विल्क्स यांच्यासह त्यांनी आठ रेषा घेतल्या, आखूड चार रेषांना एक अक्षर आणि लांब चार रेषांना दुसरे अक्षर दिले, आणि एवढ्यानेच दोन गटांच्या सीमेवरील रेषांमधले अंतर लोकांना वास्तवापेक्षा अधिक वाटू लागले. येथे मूल्यही उरले नव्हते. नुसते नाव पुरेसे ठरले होते.

रेषांच्या जागी माणसे आली ती ब्रिस्टलमध्ये. तेथील एका शाळेतल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना ताजफेल यांनी क्षुल्लक निमित्तांवरून दोन गटांत विभागले: कोणी ठिपक्यांची संख्या जास्त सांगतो की कमी, कोणाला पॉल क्ले यांची चित्रे आवडतात की वासिली कँडिन्स्की यांची. प्रत्यक्षात विभागणी यदृच्छया केलेली होती, आणि आपल्या गटात आणखी कोण आहे हेही मुलांना कळू दिले नव्हते. प्रत्येकाने इतर दोन मुलांना, ज्यांची ओळख फक्त गट आणि क्रमांक एवढीच होती, थोडेथोडे पैसे वाटून द्यायचे होते, आणि स्वतःला काहीही घ्यायचे नव्हते. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले, आणि त्याहून धक्कादायक म्हणजे, आपल्या गटाला अधिक रक्कम मिळण्याचा पर्याय समोर असतानाही अनेकांनी दुसऱ्या गटाशी असलेले अंतर जास्तीत जास्त राहील असा पर्याय निवडला, मग त्यात आपल्या गटाच्या पदरी कमी पडले तरी चालेल. बक्षिसाचा नियम एवढाच मनाचा एकमेव नियम असता तर असे घडायला नको होते. ‘माझे’ या शिक्क्याने येथे पैशाला मागे सारले होते, आणि तो शिक्का काही मिनिटांपूर्वी, कारणाशिवाय मारलेला होता.

दरम्यान दुसरीकडे बक्षिसाचे शास्त्र स्वतंत्रपणे वेगाने पुढे जात होते. १९५४ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांना, उंदरांच्या मेंदूतील विशिष्ट भागात विजेचा सौम्य झटका मिळवण्यासाठी ते तासाला शेकडो वेळा दांडी दाबत राहतात, असे आढळले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस लिऑन कॅमिन यांनी दाखवले की एका संकेतावरून परिणामाचे भाकीत आधीच करता येत असेल तर सोबत दिलेला दुसरा संकेत प्राणी जवळजवळ शिकतच नाही; म्हणजे शिकवते ते बक्षीस नव्हे, तर अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतली तफावत. रॉबर्ट रेस्कोर्ला आणि अॅलन वॅग्नर यांनी १९७२ मध्ये याच विचाराला समीकरणाचे रूप दिले. पुढे स्वित्झर्लंडमध्ये वोल्फ्राम शुल्त्स यांनी माकडांच्या मेंदूतील डोपामिन हे रसायन वापरणाऱ्या पेशींची नोंद घेतली, तेव्हा अनपेक्षित फळांचा रस मिळाला की त्या पेशी उसळतात, संकेत ओळखीचा झाल्यावर रसाऐवजी संकेतापाशीच उसळतात, आणि अपेक्षित रस चुकला तर नेमक्या त्या क्षणी मंदावतात, हे स्पष्ट झाले. पीटर डायन आणि रीड मॉन्टेग्यू यांच्यासह त्यांनी १९९७ मध्ये या नोंदी आणि तफावतीचे गणित यांची सांगड घातली.

‘स्व’चा माग त्याच काळात अगदी निराळ्या वाटेने काढला जात होता. लोकांनी गजबजलेल्या खोलीत माणूस एकाच संभाषणाकडे लक्ष कसे देतो, हा प्रश्न कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये दोन कानांत दोन वेगळे संदेश ऐकवून प्रयोगशाळेत आणला होता. दुर्लक्षित कानातला मजकूर लोकांना सांगता येत नसे. १९५९ मध्ये नेव्हिल मोरे यांनी त्याच दुर्लक्षित कानात ऐकणाऱ्याचे स्वतःचे नाव घातले, तेव्हा सुमारे एक तृतीयांश लोकांच्या ते ध्यानात आले. उरलेल्या दोन तृतीयांशांना स्वतःचे नावही ऐकू आले नाही, हा या प्रयोगाचा अर्धा भाग सांगण्यात बहुधा गळून पडतो, आणि तो गाळल्याने स्वतःविषयीची ओढ सर्वशक्तिमान असल्याचा खोटा समज पसरतो. स्मरणाच्या क्षेत्रात कॅनडातील कॅलगरी विद्यापीठाचे टी. बी. रॉजर्स, एन. ए. कायपर आणि डब्ल्यू. एस. कर्कर यांनी १९७७ मध्ये लोकांना स्वभाववाचक विशेषणे दाखवून प्रत्येकाबद्दल चार प्रकारांपैकी एक प्रश्न विचारला: शब्द मोठ्या अक्षरांत आहे का, अमुक शब्दाशी त्याचे यमक जुळते का, अमुक शब्दाचा तोच अर्थ आहे का, आणि तो तुम्हाला लागू पडतो का. पुढे अचानक आठवायला सांगितल्यावर चौथ्या प्रश्नाचे शब्द सर्वाधिक आठवले. शब्दाच्या अर्थाचा विचार केल्याने स्मरण पक्के होते हे तोवर ज्ञात होते. शब्द स्वतःला लावून पाहिल्याने ते त्याहूनही पक्के होते, हे नवे होते, आणि यात कोणालाही कसलेही बक्षीस नव्हते.

बक्षीस आणि ‘माझे’पण एकमेकांना पूरक असतात असे गृहीत धरणाऱ्यांना सर्वात मोठा धक्का १९७३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतून मिळाला, आणि या संपूर्ण इतिहासात त्या प्रयोगाइतके महत्त्वाचे पान दुसरे क्वचितच असेल. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी रंगीत पेनांनी चित्रे काढायला आधीपासून आवडणारी तीन ते पाच वर्षांची मुले निवडली. काहींना चित्र काढल्यास सोनेरी तारा आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल असे आधीच सांगितले, काहींना ते काहीही न सांगता नंतर दिले, आणि काहींना दिलेच नाही. एकदोन आठवड्यांनी पेने पुन्हा वर्गात मांडली गेली, या वेळी कसल्याही आश्वासनाविना, तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर चित्रे काढलेल्या मुलांनी इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रकलेला दिला. न सांगता बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड मात्र टिकली होती. जी गोष्ट मूल स्वतःसाठी करत होते ती दुसऱ्यासाठी केलेले काम झाली, असाच याचा अर्थ लागतो. थॉर्नडाइक यांच्या नियमाप्रमाणे बक्षिसाने कृती बळकट व्हायला हवी होती. येथे त्याने कृतीवरची मुलाची मालकीच काढून घेतली. हा निष्कर्ष सरसकट लावता येत नाही, मुळातच नावडत्या कामाला तो लागू नाही, आणि त्यावर पुढे दीर्घ वाद झाले. तरीही दोन वाटा एकच नाहीत, आणि कधी कधी त्या एकमेकींना छेदतात, हे त्याने निर्विवादपणे नोंदवले.

या दोन वाटा एकाच प्रयोगात समोरासमोर आणायला मात्र एकविसावे शतक उजाडावे लागले. मेंदूच्या प्रतिमांमध्ये स्वतःविषयीच्या विचाराने आणि बक्षिसाने उजळणारे भाग, विशेषतः कपाळामागचा मधला खालचा भाग, बरेच एकमेकांवर पडतात असे दिसू लागले होते, आणि २०११ मध्ये जॉर्ज नॉर्टॉफ आणि डेव्ह हेज यांनी आपला ‘स्व’ म्हणजे केवळ बक्षीसच तर नव्हे ना, असा प्रश्न एका लेखाच्या शीर्षकातच विचारला. पुढच्याच वर्षी जिए सुई, शुन हे आणि ग्लिन हम्फ्रीज यांनी एक सुटसुटीत पद्धत पुढे आणली. माणसाला सांगायचे, की त्रिकोण म्हणजे तू, वर्तुळ म्हणजे तुझा मित्र आणि चौकोन म्हणजे कोणी अनोळखी. मग आकृती आणि शब्द यांच्या जोड्या क्षणभर दाखवून जोडी बरोबर की चूक एवढेच विचारायचे. काही मिनिटांपूर्वी कसलाही अर्थ नसलेली आकृती ‘तू’ ठरताच लोक तिला इतर आकृत्यांपेक्षा लवकर आणि अचूक ओळखू लागले. आकृत्यांना माणसांऐवजी कमी-अधिक पैसे जोडले तेव्हाही जास्त मोलाच्या आकृतीला असाच अग्रक्रम मिळाला. वरवर पाहता ‘स्व’ आणि बक्षीस एकच ठरत होते.

परंतु २०१५ मध्ये सुई, अला यान्कोव्स्काया आणि हम्फ्रीज यांनी एकाच वेळी दोन आकृत्या दाखवून हे साम्य तपासले, आणि तेथे तडा गेला. स्वतःशी जोडलेल्या दोन आकृत्या एकत्र आल्या की मन त्या जणू एकसंध असल्याप्रमाणे, दोन्हींच्या स्वतंत्र वेगांवरून बांधता येईल त्या अंदाजापेक्षाही लवकर हाताळत होते. पैशाशी जोडलेल्या आकृत्यांबाबत असे एकत्रीकरण आढळले नाही. बक्षीस वस्तूला महत्त्व देते, तर ‘स्व’ वस्तूंना एकत्र बांधतो, अशी दिशा या निष्कर्षातून सूचित होते. २०१६ मध्ये हम्फ्रीज यांचे निधन झाले. त्याच वर्षी काही युरोपीय संशोधकांनी ‘स्व’शी जोडलेली आकृती जाणिवेत इतरांहून आधी प्रवेश करते का, हे थेट तपासले आणि तसे आढळले नाही; चॅझ फायरस्टोन आणि ब्रायन शोल यांनी तर इच्छा आणि मूल्ये प्रत्यक्ष दिसण्यावर परिणाम करतात असे सांगणाऱ्या बहुतेक प्रयोगांत पाहणे आणि निर्णय देणे यांची गल्लत झाली आहे, असा सविस्तर आक्षेप मांडला.

पाहण्याच्या बाबतीत वाद असा खुला असला, तरी शिकण्याच्या बाबतीत पुरावा अधिक भक्कम आहे. शीला कनिंगहॅम, डेव्हिड टर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दोन दोन व्यक्तींना वस्तूंची चित्रे ‘माझी’ आणि ‘त्याची’ अशा दोन टोपल्यांत विभागायला सांगितली. वाटणी केवळ खेळापुरती होती, वस्तू कोणालाच मिळणार नव्हत्या, तरी आपल्या टोपलीतल्या वस्तू लोकांना अधिक आठवल्या. २०१५ मध्ये याच गटाने प्राथमिक शाळेतील मुलांना नवे शब्द वापरून वाक्ये लिहायला दिली, काहींना स्वतःविषयी आणि काहींना दुसऱ्या कोणाविषयी. पुढे शुद्धलेखन तपासले तेव्हा ज्या शब्दांभोवती मुलांनी स्वतःविषयीचे वाक्य रचले होते त्यांची अक्षरे अधिक वेळा बरोबर आली. त्या वर्गात ना तारे वाटले गेले होते, ना फिती.